कार्बोरेटर ठेवू की काढू?

मंडळी, आमचे जावई कोलोरॅडोत राहतात हे तुम्हाला माहीत आहेच. त्यांनी १९७६ सालची जीएमसी मोटरहोम घेतली आहे. मोटरहोम म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाड. स्वयंपाकघर, पलंग, संडास, सगळं आत. ही गाडी १९७३ ते १९७८ एवढीच वर्षं निघाली. इंजिन ओल्डस्मोबिलचं, साडेसात लिटरचं, आणि त्यावर बसलेला चार तोंडांचा कार्बोरेटर.

परवा फोनवर म्हणाले, "बाबा, हा दुरुस्त करून ठेवू, की काढून फ्युएल इंजेक्शन बसवू?" मला विचारायचं कारण माझी जुनी स्कूटर. दर रविवारी तिचं जेट फुंकून साफ करणारा मास्तर म्हणून मी आमच्या गल्लीत प्रसिद्ध होतो!

पण मी पडलो इतिहासाचा मास्तर. उत्तर द्यायच्या आधी मागे जाऊन पाहिलं.

कार्बोरेटरची युक्ती साधी. हवा अरुंद गळ्यातून वेगाने जाते, तिथे दाब कमी होतो, त्या ओढीने पेट्रोल फवारलं जातं. वीज नको, वायर नको. इंजेक्शनमध्ये पेट्रोल पंपाच्या दाबाने सोडतात, आणि किती सोडायचं ते हल्ली एक छोटा संगणक ठरवतो. म्हणजे कार्बोरेटर जुना आणि इंजेक्शन नवं, असा माझा समज. तो साफ चुकीचा निघाला.

१९४० साली इंग्लंडच्या आकाशात दोन्ही समोरासमोर होते. जर्मन मेसरश्मिटच्या इंजिनाला इंजेक्शन, ब्रिटिश स्पिटफायरला कार्बोरेटर. जर्मन वैमानिक विमानाचं नाक एकदम खाली घालून सूर मारायचा. मागचा स्पिटफायर तसं करायला गेला की कार्बोरेटरमधलं पेट्रोल वर उसळायचं आणि इंजिन आचके द्यायचं. ब्रिटिशांनी कार्बोरेटर अडाणीपणाने ठेवला नव्हता बरं का. पेट्रोलची वाफ होताना हवा थंड होते, दाट होते आणि ताकद वाढते, हा त्यांचा हिशोब होता. शेवटी १९४१ मध्ये बिएट्रिस शिलिंग नावाच्या इंजिनियर बाईंनी पेट्रोलच्या वाटेत भोक पाडलेली एक छोटी पितळी चकती बसवली आणि बरंचसं भागलं. (या बाई मोटरसायकलच्या शर्यतीही जिंकत. आमच्या पाठ्यपुस्तकात त्या नव्हत्या.)

उलट गोष्ट १९५८ ची. क्रायस्लरने काही गाड्यांना बेंडिक्स कंपनीचं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन दिलं. त्या काळचे सुटे भाग उष्णता आणि हादरे सोसेनात. बहुतेक गाड्यांना परत कार्बोरेटर बसवावा लागला. पुढे तीच कल्पना बॉशने सुधारली आणि १९६७ मध्ये फोक्सवॅगनला बसवली.

आणि गंमत पाहा, जावयांची गाडी १९७६ ची. त्याच वर्षी त्याच जनरल मोटर्सची कॅडिलॅक सेव्हिल ओल्डस्मोबिलचंच लहान इंजिन घेऊन निघाली, आणि तिला मात्र इंजेक्शन! म्हणजे एकाच घरात दोन्ही पोरं नांदत होती.

आता कोलोरॅडो. तिथले घाट तीन हजार मीटरच्याही वर जातात. हवा विरळ होते, पण कार्बोरेटरच्या जेटला ते कळत नाही. पेट्रोल जास्त पडतं. वर इंजिनाच्या उष्णतेने नळीत पेट्रोलची वाफ होते. इंजेक्शनचा पंप टाकीजवळून दाबाने पेट्रोल ढकलतो, म्हणून हा त्रास कमी.

हे सगळं कळूनही मी मत दिलं कार्बोरेटरला. आडरानात संगणक बिघडला तर काय करणार? कार्बोरेटर निदान स्क्रू-ड्रायव्हरने उघडता येतो.

लेक मधेच म्हणाली, "बाबा, स्कूटर बंद पडली की तुम्ही ढकलत घरी आणायचात. ही पाच टनांची कोण ढकलणार? आणि तोवर मुलांना घेऊन घाटात उभी मी राहणार!"

यावर मी गप्प. इंजेक्शन बसलं.

जुना कार्बोरेटर साफ करून, डब्यात घालून पलंगाखाली ठेवला आहे. ही माझी अट होती. पण इंजेक्शनच्या पंपाचा दाब त्याला झेपायचा नाही, म्हणून जुना कमी दाबाचा पंपही टाकू नका, असं जावयांना दोनदा सांगितलंय. ते हो म्हणालेत. पुढच्या फोनवर पुन्हा विचारणार आहे.