मांडवीचा बावटा आणि नारळी पौर्णिमा

मंडळी, मांडवीच्या जेटीला आपण कौतुकानं ‘गेटवे ऑफ रत्नागिरी’ म्हणतो आणि संध्याकाळी हवा खायला जातो. पण ही जागा मुळात बोटीची. मुंबईची आगबोट बाहेर खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहायची आणि तिथून माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या यांची ने-आण पडावातनं व्हायची. पावसाळा तोंडावर आला की ‘बोट बंद’. ते बंद होणं कुणाला संकट वाटत नसे. घरातल्या सगळ्या बेगमीचा हिशेबच त्यावर बांधलेला असायचा.

आज मला या ‘बंद’बद्दल बोलायचंय. आपत्ती व्यवस्थापन हा शब्द आपण २००५ च्या कायद्यानंतर शिकलो. किनाऱ्यावरच्या गावांनी मात्र समुद्राचा धोका टाळायची एक रीत त्याच्या कितीतरी आधी बसवली होती.

आधी सरकारी बाजू बघू. १८६४ च्या वादळानं कलकत्त्याची दाणादाण उडवली, म्हणून १८६५ मध्ये त्या बंदरासाठी वादळाची पूर्वसूचना देण्याची सोय झाली. पश्चिम किनाऱ्यावर ती १८८० मध्ये आली. त्या यादीतली बंदरं ऐका : मुंबई, कराची, वेंगुर्ला, कारवार, कुमठा आणि आपली रत्नागिरी. म्हणजे वादळाची सूचना आपल्याकडे येऊ लागली त्याला आता एकशे चाळीस वर्षं उलटून गेली. तारेनं खबर यायची आणि बंदरावरच्या डोलकाठीवर खूण चढायची. दिवसा शंकू नाहीतर पिंप अशा आकाराच्या खुणा, रात्री लाल-पांढरे दिवे. १८९८ पासून देशभरच्या बंदरांत या खुणा एकसारख्या झाल्या. आपण त्या सगळ्याला एकच शब्द ठेवला, ‘बावटा’. आजही ‘तीन नंबरचा बावटा लागला’ असंच म्हणतो, बावटा दिसो न दिसो!

ही सोय जहाजांसाठी होती. बंदरातल्या जहाजाचा कप्तान ती वाचणार आणि नांगर उचलायचा की नाही ते ठरवणार. राजिवड्याच्या किंवा मिरकरवाड्याच्या होडीवाल्याचा विचार करून ती आखलेली नव्हती.

होडीवाल्याकडे दुसरंच शास्त्र होतं. भरतीची वेळ काढायची तर तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या. कागद नाही, पेन्सिल नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. आणि वर्षाचा सगळ्यात मोठा नियम म्हणजे पावसाळ्यात दर्या बंद, तो नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्यावर उघडायचा. खारवी असो, भंडारी असो, गाबीत असो, राजिवड्याचा दालदी मुसलमान असो, पावसाळ्यातला खवळलेला दर्या सगळ्यांना सारखाच बंद.

या नियमाकडे आपण श्रद्धा म्हणून बघतो, किंवा माशांच्या विणीचा काळ म्हणून. दोन्ही बरोबर आहे. पण माझ्या मते त्याचं खरं बळ वेगळ्याच गोष्टीत होतं : सगळे एकदम थांबायचे. शेजारी गेला आणि मी घरी बसलो, त्याला मासळी मिळाली आणि माझं नुकसान झालं, असा प्रश्नच नव्हता. धोका टाळण्याची किंमत सगळ्या गावानं एकत्र भरलेली असायची.

पुढे हे थांबणं कायद्यात आलं. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. आता यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, नारळी पौर्णिमा आली ३० ऑगस्टला. म्हणजे कायद्यानं दर्या उघडला आणि पौर्णिमेला अजून महिना बाकी! त्या महिन्यात जायचं की नाही, हे आता ज्याचं त्यानं ठरवायचं.

तरी हे निभावलं असतं. खरी अडचण अशी की वादळांनी पंचांग सोडलं. ११ नोव्हेंबर २००९, ‘फयान’. पावसाळा संपलेला, हंगाम ऐन भरात, नौका खोल समुद्रात. वादळ अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान जमिनीवर आलं, पण त्याआधी आपल्या किनाऱ्यासमोरून गेलं. रत्नागिरी जिल्ह्यातले कितीतरी खलाशी परत आले नाहीत. बावटा बंदरावर होता आणि माणसं बंदरापासून लांब होती.

त्यानंतर २०१९. त्या एका वर्षात अरबी समुद्रात पाच चक्रीवादळं झाली, १९०२ च्या विक्रमाशी बरोबरी. त्यातली ‘क्यार’ आणि ‘महा’ ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पाठोपाठ. पुण्याच्या आयआयटीएमच्या शास्त्रज्ञांनी १९८२ ते २००० आणि २००१ ते २०१९ अशा दोन कालखंडांची तुलना केली, तर अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढलेली दिसली. ‘निसर्ग’ ३ जून २०२० ला आलं. बंदी सुरू होऊन दोन दिवस झाले होते. दापोली-मंडणगडच्या नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, इथं मिऱ्याला ‘बसरा स्टार’ हे जहाज येऊन धडकलं, पण यांत्रिक नौकांचा हंगाम मिटलेला होता. पुढच्या वर्षी ‘तौक्ते’ रत्नागिरीसमोरून गेलं १६ मे ला. म्हणजे बंदीच्या आधी, हंगामाची शेवटची कमाई करायच्या दिवसांत.

आता खबर पोचत नाही असं राहिलेलं नाही. बिनतारी संच आहेत, मोबाइल आहेत, हवामान खातं चार-पाच दिवस आधी सांगतं. ‘क्यार’च्या वेळी परराज्यांतल्या नौकाही देवगडच्या बंदरात आसऱ्याला आल्या, हे आपण पाहिलं. एक मात्र विचारतो : आपल्या नौकांवरचे कितीतरी खलाशी नेपाळचे आहेत. तांडेलाला आलेली सूचना त्यांना त्यांच्या भाषेत कोण सांगतं?

पण त्याहून अवघड प्रश्न किमतीचा आहे. सूचना फुकट मिळते, ती पाळायला पैसे पडतात. डिझेल भरलंय, बर्फ भरलाय, खलाशांना उचल दिलीय, आणि तिसऱ्या दिवशी परत फिरायचं. वादळ लांबून निघून गेलं तर पुढच्या वेळी तांडेल दोनदा विचार करतो. त्याला हट्टी म्हणणं सोपं आहे, कारण कर्ज आपलं नसतं. ‘क्यार’ आणि ‘महा’नं मासेमारीचे दिवस बुडाले, त्यांच्यासाठी राज्य सरकारनं मदत जाहीर केली ती पुढच्या वर्षी. बंदीच्या महिन्यांसाठी मच्छीमारानं थोडे, सरकारनं थोडे घालून बचत-मदत देण्याची योजना देशात जुनी आहे. हंगामातल्या वादळी दिवसांनाही तसाच काही आधार हवा, आणि तो सोसायटीच्या पातळीवर हवा. डिझेल सोसायटीतनं जातं, तेव्हा कोण पाण्यात आहे हे सोसायटीला कलेक्टर कचेरीच्या आधी कळतं. उद्या ऑक्टोबरात बावटा चढला, तर मिरकरवाड्याच्या आणि राजिवड्याच्या सोसायट्यांनी ‘आज कुणीच नाही’ असं एकदम म्हणायचं, आणि त्या दिवसाचा खलाशाचा वाटा कुठून द्यायचा ते आधीच ठरवून ठेवायचं.

खारबंधाऱ्यांचं आज राहून गेलं, ते पुढच्या वेळी घेऊ. आता तुमचे प्रश्न.