उमेळ्याहून, एका घंटेमागे

मे १७३९. तुम्ही उमेळ्याच्या खाजणात बांधावर उभे आहात. ओहोटी लागलेली, चिखलाला उग्र वास, पायाखालची माती तापलेली. एकाएकी पश्चिमेकडून, फिरंग्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या, ताब्यातल्या वसईच्या कोटाच्या अंगाने, जमीन हादरते. आवाज नंतर येतो. सुरुंग! सेंट सेबॅस्टियन बुरुजाला खिंडार पडतंय. मराठे आत घुसतात आणि त्यांचाच एक सुरुंग उशिरा, त्यांच्याच पायाखाली उडतो. दारू सगळ्यांकडे एकच असते हो; वात किती लांब ठेवायची, हे मात्र ज्याच्या त्याच्या हातात.

१६ मेला तह होतो. फिरंग्यांना कुटुंबकबिल्यासह निघून जायला आठ दिवसांची मुभा. तेवीस तारखेला गलबतं सुटतात. माणसं जातात, घंटा मागे राहतात. मराठी फौजेचे सेनापती चिमाजीअप्पा, त्यांचे लोक त्या चर्चवरून उतरवतात: एक भीमाशंकरला, एक वाईजवळ मेणवलीला, एक नाशिकला.

नाशिकच्या घंटेमागे जाऊया. डोळे मिटा, आठ वर्षं ओलांडा. १७४७. गोदावरीच्या काठी नारोशंकरांचं देऊळ नुकतंच उभं राहिलंय आणि दर्शनी भिंतीवर ती टांगली आहे. तिच्यावर साल आहे १७२१. तुमच्या शेजारी एक ओतारी मान वर करून बघतोय.

‘काका, अशी ओतता येईल?’

‘न यायला काय झालं? तांबं आणि कथील. काशाचीच भावंडं. साचा मोठा लागेल, भट्टी मोठी लागेल, पहिल्या दोन-तीन फुटतील.’ तो हसतो. ‘पण त्या फुटक्यांचे पैसे देणार कोण? देवळाला एक घंटा लागते. ती वसईहून फुकट आली. लोक माझ्याकडे तांब्या-पराती मागतात.’

तुम्ही गुपिताच्या शोधात आला होतात, नाही का? फिरंग्यांनी काय लपवलं, आपण काय शिकू शकलो नाही, असलं काहीतरी. गुपित नव्हतंच. गिऱ्हाईक नव्हतं, आणि साचा कुठे भेगाळतो हे दाखवणारा गलबतात बसून निघून गेला होता. वाजवायची रीतसुद्धा इथे आपली लागू झाली. फिरंग्यांच्या चर्चमध्ये सबंध घंटा झुलवतात. इथे ती जागच्या जागी, नुसता लोलक हलतो.

आता परत उमेळ्याला. साल आजचं. आषाढसर नुकतीच थांबलीय, नायगावची लोकल ऐकू येते, वाडीच्या कुंपणाला इमारत टेकली आहे. एक आजोबा पाटावर बसून आंब्याची कलमं बांधतायत. ही विद्याही फिरंग्यांचीच, गोव्यात जेझुइट पाद्र्यांनी वाढवलेली. हापूस हे नावही आफोन्सो द अल्बुकर्कवरून आलं म्हणतात. पाद्री गेले, माळी राहिले. त्यांच्या हातून पोरांच्या हाती, कोकणभर.

‘आमच्या बापाच्या वेळी भेटकलम,’ आजोबा सांगतात. रोपाची कुंडी माचाणावर चढवून झाडाच्या फांदीशी भिडवायची, दोघांची साल तासून एकत्र बांधायची आणि महिनोन्‌महिने थांबायचं. जीव एक झाला, मगच तोडायचं. एका झाडाभोवती कुंड्या मावणार किती? पुढे दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोयकलमाची रीत बसवून दिली: कोय रुजली, तांबूस कोंब आला की तो छाटायचा, चिरेत काडी खोचायची, प्लॅस्टिकची पट्टी. कुंडीही नको, माचाणही नको. पिशव्या टेंपोत भरा नि कुठेही न्या.

‘मग पुस्तकात वाचून जमेल?’

ते उत्तर देत नाहीत. चाकू तुमच्या हातात देतात, तुमचा अंगठा काडीखाली सरकवतात. तुम्ही तासता. पाचर वाकडी जाते, काडी चिखलात पडते.

‘सालीला साल लागली पाहिजे, एका बाजूला तरी,’ ते म्हणतात. ‘घ्या, दुसरी घ्या.’