४४३ नाबाद : पूना क्लबवर न झालेल्या दहा धावा

गुरुवार, १६ डिसेंबर १९४८
रणजी करंडकाचा सामना, पुण्याच्या पूना क्लब मैदानावर. महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड. काठेवाडचा डाव २३८ धावांत आटोपतो.

मिनिट शून्य
महाराष्ट्राची पहिली विकेट पडते आणि कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर खेळायला येतात. चारच दिवसांपूर्वी त्यांना २९ वर्षे पूर्ण झाली आहेत. समोर कमल भांडारकर.

पहिले पाच तास
दोघे मिळून ४५५ धावा जोडतात. दुसऱ्या विकेटसाठीचा हा जागतिक विक्रम पुढे १९७४ पर्यंत टिकणार आहे. भांडारकर २०५ धावा करून परततात. काठेवाडचे २३८ केव्हाच मागे पडले आहेत. सामना अनिर्णित राहिला तरी पहिल्या डावाच्या आघाडीवर महाराष्ट्र पुढे जाणार. थोडक्यात, निकाल लागला आहे. धोका इथूनच सुरू होतो, कारण आता हरणाऱ्या संघाला मैदानात थांबायचे कारण उरत नाही.

निंबाळकरांच्या धावा ३१७, डॉन ब्रॅडमन यांचा विक्रमी नाबाद ४५२ चा आकडा गाठायला १३५ कमी
विजय हजारे यांनी पुण्यातच १९३९-४० च्या मोसमात केलेल्या नाबाद ३१६ धावा मागे पडतात.

धावा ३६०, ९२ कमी
विजय मर्चंट यांचे नाबाद ३५९ मागे. रणजीतला हा उच्चांक मर्चंटनी महाराष्ट्राच्याच गोलंदाजीवर केला होता.

धावा ४३८, १४ कमी
ऑस्ट्रेलियाच्या बिल पॉन्सफर्डचे ४३७ मागे. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये आता पुढे एकच आकडा उरला आहे : डॉन ब्रॅडमन, नाबाद ४५२, सिडनी, जानेवारी १९३०. फलंदाजाला मात्र याचा पत्ता नाही. तंबूतून कोणी निरोपही पाठवत नाही. एका निरोपाने खेळाचा वेग बदलला असता, हे मला राहून राहून वाटते.

शनिवार, १८ डिसेंबर, मिनिट ४९४
मधली सुट्टी. महाराष्ट्र ४ बाद ८२६, आघाडी ५८८. निंबाळकर नाबाद ४४३ : ४९ चौकार, एक षटकार, बाकीच्या २४१ धावा पळून काढलेल्या. विक्रमाची बरोबरी करायला नऊ धावा, मोडायला दहा. आतापर्यंतच्या त्यांच्या गतीने दहा धावांना लागणारा वेळ साधारण अकरा मिनिटे. विक्रमाची गोष्ट त्यांना आत्ता, सुट्टीत कळते.

सुट्टी चालू आहे
काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, महाराष्ट्राचे कर्णधार राजा गोखले यांना डाव घोषित करायला सांगतात. नाहीतर आम्ही निघतो. नको त्या विक्रमात आपल्या संघाचे नाव कायमचे लागेल, ही त्यांची धास्ती. गोखले दोन षटके मागतात. दोन षटके म्हणजे बारा चेंडू. दोन चौकार आणि एक दुहेरी धाव, एवढ्यात काम झाले असते. नकार येतो.

क्रिकेटच्या नियमांत सामना सोडून देण्याची मुभा आहे आणि दोन दिवस उन्हात चेंडूमागे धावलेल्या संघाचा थकवाही खरा. तरी बारा चेंडू ही फार लहान मागणी होती. ज्या नामुष्कीला ठाकोरसाहेब भीत होते, तीच त्यांच्या निर्णयाने काठेवाडला चिकटली.

सुट्टीनंतर
खेळ सुरू होत नाही. काठेवाडचा संघ सामना सोडून देतो आणि पुणे स्टेशनची वाट धरतो. विजय महाराष्ट्राचा.

११ जानेवारी १९५९, कराची
पाकिस्तानचे हनीफ मोहम्मद ४९९ धावांवर धावबाद होतात. ब्रॅडमन यांचा विक्रम अखेर मोडला आहे.

निंबाळकरांना अधिकृत कसोटी एकदाही मिळाली नाही. १९४९-५० मध्ये कॉमनवेल्थ संघाविरुद्ध कलकत्त्याला एक अनधिकृत कसोटी तेवढी त्यांच्या वाट्याला आली. ११ डिसेंबर २०१२ रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले. कसोटी न खेळलेल्या कोणाही फलंदाजाने प्रथम श्रेणीत याहून मोठी खेळी केलेली नाही, आणि भारतीयांत तर कोणीच नाही.