सरसाच्या भांड्यापासून स्प्रेगनपर्यंत : मूर्तीच्या रंगाचा इतिहास

श्रावण लागला की आमच्या नंदगड-खानापूर भागात घरचा पाट मूर्तिकाराकडे पोचवायची घाई सुरू होई. पाट ठेवून आम्ही मुले तिथेच रेंगाळत असू. कोपऱ्यात शेगडीवर एक भांडे मंद आचेवर असे आणि त्याचा उग्र वास घरभर पसरलेला असे. तो सरसाचा वास.

जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला सरस पाण्यात भिजवायचा, गरम करून पातळ करायचा आणि त्यात रंगाची पूड खलायची. गेरू, नीळ, काजळ, पांढऱ्यासाठी खडू. काही जण सरसाऐवजी डिंक वापरत. सगळी मेख पातळपणात होती. सरस जास्त झाला तर वाळल्यावर रंग तडकून खपल्या निघत. कमी पडला तर आरतीच्या वेळी रंग बोटाला लागे. हे प्रमाण कुठे लिहिलेले नव्हते. कुंचल्यावरून थेंब कसा ओघळतो, एवढे पाहून जाणते कारागीर ओळखत.

मग हवेने रंग उडवणारे यंत्र आले. ते वाटते तेवढे नवे नाही. अमेरिकेत ॲबनर पीलर याने १८७९ साली एअरब्रशचा पहिला नमुना तयार केला. म्हणजे १८९३ मध्ये लोकमान्यांनी पुण्यात गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले, तेव्हा एअरब्रश चौदा वर्षांचा झाला होता! सुरुवातीला तो छायाचित्रांवर हात फिरवण्यासाठी वापरला गेला. मोठ्या कामाची स्प्रेगन विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आली. आपल्याकडच्या कारखान्यांत कंप्रेसर आला तो बऱ्याच उशिरा. पण आला आणि अंगाच्या रंगाला दिवस लागायचा, तिथे काही मिनिटे पुरू लागली. गालांवरची, सोंडेवरची छटा अलगद उतरू लागली. डोळ्यांची आखणी मात्र आजही हातानेच होते.

यंत्रानेही जुनाच प्रश्न विचारला : रंग किती पातळ? कुंचल्याला जाड रंग चालतो, पण एअरब्रशचे भोक जेमतेम ०.२ ते ०.५ मिलिमीटरचे. रंग साधारण दुधाइतका पातळ हवा. जाड राहिला तर भोक तुंबते आणि मूर्तीचे अंग संत्र्याच्या सालीसारखे खरबरीत दिसते. फार पातळ झाला तर ओघळ येतात. म्हणून एका जाड थरापेक्षा चार विरळ थर बरे.

त्यातच ॲक्रिलिक रंग आला. पाण्यात कालवता येणारा चित्रकारांचा ॲक्रिलिक १९५० च्या दशकात अमेरिकेत बाजारात आला. त्यात प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडाले की ते एकमेकांना चिकटून पापुद्रा बनतो. नुसते पाणी ओतत राहिले तर कण दूर पडतात आणि रंग कच्चा राहतो. म्हणून पाण्याबरोबर थोडे ॲक्रिलिक मिडियम घालतात. पाणी आणि चिकटवण यांचा हा तोल सरसवाल्या कारागिराला आधीच ठाऊक होता.

फरक पडतो तो विसर्जनात. ‘पाण्यात कालवलेला रंग, म्हणजे पाण्यात विरघळणार’ असे आपण समजतो. ते खरे नाही. सरसाचा किंवा डिंकाचा रंग पाण्यात पुन्हा मऊ होऊन सुटतो. ॲक्रिलिक एकदा वाळला की विरघळत नाही. शाडूची माती विरघळते, रंगाचे पापुद्रे मागे उरतात. आपली मलप्रभा याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावते आणि खानापूरवरून पुढे जाते. आपण सोडतो ते खालच्या गावांना पोचते.

जुने सगळे निर्मळ होते असेही नाही. लाल हिंगुळात पारा असतो, पिवळ्या हरताळात सोमल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत विषारी रंग टाळून नैसर्गिक रंग वापरायला सांगितले आहे, ते दोन्हींना लागू पडते.

तेव्हा पुढच्या वर्षी पाट ठेवायला जाल तेव्हा मूर्तीची उंची आणि किंमत विचारताना आणखी एक प्रश्न विचारा : “रंग कशात कालवणार?” शंका वाटली तर रंगवलेल्या मातीचा एखादा तुकडा मागून घ्या आणि रात्रभर पाण्यात ठेवा. रंग पाण्यात मिसळला तर ठीक. पापुद्रा होऊन हातात आला, तर तो नदीतही तसाच राहणार. आपण विचारू लागलो, तर शेगडीवरचे ते भांडे पुन्हा चढेल. वासाचे काय, तो आपण पूर्वीही सोसलाच होता.

गणपती बाप्पा मोरया!