डंगरी आणि डूलॅली : स्थलनामांवरून आलेल्या दोन इंग्रजी शब्दांचा विचार

इंग्रजी भाषेंत स्थलनामांवरून आलेले शब्द पुष्कळ आहेत. कालिकत बंदरावरून सुती कापडास 'कॅलिको' हें नांव पडलें, हें सर्वश्रुत आहे. मुंबईची डोंगरी व नाशिकजवळील देवळाली यांवरूनहि असे दोन शब्द निघाल्याचें सांगतात. दोहोंचा पुरावा सारख्याच तोलाचा आहे काय, एवढेंच येथें पाहूं.

'डूलॅली' म्हणजे डोकें फिरलेला. देवळालीस ब्रिटिश लष्कराची छावणी होती. मुदत संपलेले गोरे शिपाई स्वदेशीं नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत तेथें महिनेच्या महिने रिकामे बसत. त्यांच्या भ्रमिष्टपणास 'डूलॅली टॅप' म्हणत. यांतील 'टॅप' म्हणजे आपला 'ताप'. फ्रँक रिचर्ड्स या शिपायानें १९३६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आठवणींत ही हकीकत आहे. स्थळ, कारण व साक्ष तिन्ही जुळत असल्यानें ही व्युत्पत्ति आम्हांस ग्राह्य वाटते.

'डंगरी' हें जाड्याभरड्या सुती कापडाचें नांव. पुढें तें कामकऱ्यांच्या पोशाखासहि मिळालें. मुंबईच्या इंग्रजांनीं डोंगरीच्या बाजारावरून तें पाडलें असें म्हणावें, तर कालक्रम आड येतो. कप्तान जॉन सॅरिस याच्या वृत्तांतांत १६१३ सालीं मोलुक्का बेटांवर लवंगांच्या मोबदल्यांत दिलेल्या कापडांमध्यें 'डोंगेरीन्स' आढळतें. मुंबई तेव्हां पोर्तुगीजांकडे होती. १६६१ च्या तहान्वयें ती इंग्लंडच्या राजास व १६६८ सालीं कंपनीस मिळाली. अर्थात् हा शब्द इंग्रजांच्या मुंबईहून जुना आहे.

तें कापड डोंगरीसच विणलें जात होतें काय, हा प्रश्न गौण होय. कॅलिकोहि सगळें कालिकतचें नव्हतें. परंतु 'डोंगरी' हें साधें विशेषणहि आहे. डोंगर तेथें डोंगरी. म्हणून केवळ नामसादृश्यावर भिस्त ठेवतां येत नाहीं. मुंबईच्या डोंगरीचा मान कायम करावयाचा, तर तेथील कापडाचा व्यापार १६१३ पूर्वींचा दाखविला पाहिजे.

असा पुरावा सनदांत किंवा बखरींत मिळणें कठीण. तो मिळाला तर व्यापाऱ्यांच्या वह्यांत व जकातीच्या कागदांतच मिळावयाचा. संग्राहक शिक्क्यामोर्तबाचे कागद जिवापाड जपतात आणि खतावण्या रद्दींत जातात. ज्या बाडांत कापडाच्या जाती व दर यांपलीकडे कांहीं नाहीं, तींहि टाकूं नयेत, एवढी आमची विनंति आहे.