मालमोटारीचा पंप : एक दुर्लक्षित इतिहाससाधन

मुंबई-अहमदाबाद महामार्ग डहाणू तालुक्यातील चारोटीवरून तलासरीस येतो व अच्छाडच्या पुढे गुजरातेत प्रवेश करतो. या मार्गावरील मालवाहतुकीचा इतिहास लिहिताना अभ्यासकाची दृष्टी बहुधा कारखान्यांवर खिळते. टाटा व डाइम्लर-बेन्झ यांचे सहकार्य १९५४ साली सुरू होऊन १९६९ साली संपले, ही नोंद सहज मिळते. परंतु त्या मालमोटारी पुढे चालत्या कशा राहिल्या, हे दुरुस्तीच्या कामातच शोधावे लागते.

पाण्याच्या पंपाचेच उदाहरण घेऊ. पंपाखालील लहान छिद्रातून पाणी ठिबकू लागले की आतील सील झिजल्याचे कळते. मग रेडिएटरमधील पाणी काढून, पट्टा व पंखा उतरवून पंप सोडवावयाचा. जुने गॅस्केट खरवडून नवे बसवावयाचे. सील व बेअरिंग तेवढे बदलावे की पंपच नवा घ्यावा, हे सुट्या भागांची उपलब्धता, किंमत व कारागिराचे कौशल्य यांवर ठरते. म्हणून एकच पंप किती वेळा उघडला गेला, यावरून त्या काळच्या टंचाईचा काही अंदाज बांधता येतो. ही माहिती दप्तरात क्वचितच उतरते. ती वृद्ध मेस्त्र्यांच्या स्मरणात असते. ती वेळीच टिपून घेतली नाही, तर या मार्गाचा इतिहास अपुराच राहील.