घासाईविना रंगकाम

जुने लाकडी सामान, दारे-खिडक्या, लोखंडी कपाटे किंवा सनमायकाचे पृष्ठभाग पॉलिशपेपरने न घासता स्वच्छ करून, त्यांवर पकड धरणारे अस्तर देऊन पुन्हा रंगवण्याची पद्धत. मेहनत वाचवण्याची युक्ती म्हणून ती लोकप्रिय झाली असली, तरी तिचे खरे महत्त्व जुन्या रंगातील शिशामुळे आहे.

घरगुती रंगांतील शिसे दशलक्ष भागांत ९० भागांपुरते मर्यादित करणारे नियम भारतात २०१६ मध्ये झाले व २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या पिवळ्या, हिरव्या व तांबड्या ऑइलपेंटमध्ये लेड क्रोमेट सर्रास असे; खिडक्यांच्या गजांना शेंदरी रेडलेडचे अस्तर दिले जाई. असा रंग कोरडा घासला की शिशाची बारीक धूळ फरशीवर, अंथरुणावर, भांड्यांवर बसते. रांगणारे मूल तेच हात तोंडात घालते, आणि शिशामुळे मेंदूच्या वाढीला झालेली हानी भरून निघत नाही. म्हणून घट्ट बसलेला जुना रंग न खरवडता त्यावरच नवा चढवावा.

घासण्याने पृष्ठभाग खरखरीत होतो आणि रंगाला धरायला जागा मिळते. पण रंग सुटतो तो बहुधा तेलकटपणा, मेण किंवा फर्निचर-पॉलिशमधील सिलिकोनमुळे, आणि पॉलिशपेपरने हा थर निघत नाही, उलट पसरतो. त्यामुळे या पद्धतीत सगळा भर धुण्यावर असतो. धुण्याच्या सोड्याच्या सौम्य द्रावणाने पुसल्यास चिकटा तर निघतोच, शिवाय ऑइलपेंटच्या वरच्या थरातील तेलाचे अल्पसे साबणीकरण होऊन चकाकीही मरते. मग साध्या पाण्याने दोनदा पुसून पूर्ण वाळू द्यावे. सोडा मागे राहिला तर तोच नव्या रंगाला उचलतो. पाण्याचा थेंब मण्यासारखा गोळा राहिला, तर मेण अजून शिल्लक आहे असे समजावे.

सोडा लावण्याआधी जुने पॉलिश ओळखणे भाग आहे. न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा दाबून धरावा. पृष्ठभाग चिकट झाला तर ते लाखेचे पॉलिश होय. ते सोड्यातही विरघळते. स्पिरिटला दाद न देता एनसी थिनरने मऊ पडणारे पॉलिश बहुधा लॅकर असते. दोन्हींना न जुमानणारे मेलामाइन किंवा पॉलियुरेथेन सर्वांत हट्टी असून त्यावर साधे अस्तर टिकत नाही.

अशा गुळगुळीत पृष्ठभागांसाठी लाखेचे अस्तर उत्तम. पळस, बोर, कुसुम या झाडांवरील लाखकिड्यांच्या स्रावापासून मिळणारी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून ते करतात. सागवानाचा तपकिरी डाग पांढऱ्या रंगातून वर येतो, तोही ते अडवते. मात्र लाखेतील नैसर्गिक मेण काढलेले असावे, नाहीतर वरचा पाण्याचा रंग सुटतो. सनमायका व धातूसाठी खास पकड-अस्तरे मिळतात. चकाकी मारणारी द्रावणेही असतात. ती ज्वालाग्राही असल्याने खिडक्या उघड्या ठेवून, विस्तवापासून दूर, हातमोजे घालून वापरावीत.

‘चॉक पेंट’ हा रंग अ‍ॅनी स्लोन यांनी १९९० मध्ये इंग्लंडमध्ये आणला. तो बहुतेक पृष्ठभागांवर अस्तराविना धरतो, पण सच्छिद्र असल्याने त्यावर मेण किंवा वॉर्निश लागते. आणि एकदा मेण लावले की पुढच्या वेळी ते काढण्याचे काम वाढते.

पोपडे सुटलेला रंग, गंज आणि वाळवी लागलेले लाकूड यांना ही पद्धत चालत नाही. पोपडे काढायचेच असतील तर पृष्ठभाग ओला ठेवून पत्र्याने खरवडावेत, चुरा ओल्या फडक्याने टिपून बंद पिशवीत टाकावा. झाडूने लोटू नये. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, दमट हवेने लाखेच्या अस्तरावर पांढुरकी झाक येते आणि ऑइलपेंट दिवसेंदिवस चिकट राहतो. कोरड्या हवेतही रंग काही तासांत हाताला वाळला, तरी पूर्ण कठीण व्हायला त्याला काही आठवडे लागतात. तोवर त्यावर जड वस्तू ठेवू नये व तो सोड्याने पुसू नये.